पाण्याने कुजलेल्या कॅम्पर ट्रेलरच्या भिंती: उघडण्यापासून पुन्हा बंद करण्यापर्यंत

जुन्या कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून नेण्याच्या छोट्या घराच्या, भिंतीवर आतून तपकिरी डाग दिसतो, खिडकीखालचा प्लाय बोटाने दाबल्यावर आत जातो, कोपऱ्यातल्या कपाटातून कुबट वास येतो. या खुणा दिसेपर्यंत आतले लाकूड बहुधा बरेच आधीपासून भिजत आलेले असते. डागावर नवा प्लाय ठोकून रंग दिला, तर डाग जातो आणि कुजणे मात्र बंद पोकळीत चालूच राहते. म्हणून या कामाचा क्रम बदलू नये. आधी पाणी आत येण्याची वाट शोधावी, मग भिंत बाहेरून उघडावी, लाकूड बदलून पूर्ण वाळू द्यावे, पत्रा चढवून पाण्याची परीक्षा घ्यावी आणि आतली बाजू सर्वांत शेवटी बंद करावी.

येथील माहिती लाकडी सांगाडा आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा असलेल्या ट्रेलरसाठी आहे. फायबरग्लासचे थर फोमला चिकटवून बनवलेल्या भिंतींची दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने होते, तिचा विचार येथे केलेला नाही.

भिंत कशी बांधलेली असते

अशा ट्रेलरची भिंत आश्चर्य वाटावे इतकी हलकी असते. सुमारे ३८ मिलिमीटर जाडीच्या, आणि कधी त्याहूनही बारीक, मऊ लाकडाच्या पट्ट्या उभ्या-आडव्या जोडून चौकट केलेली असते. सांध्यांना बहुतेक ठिकाणी कुसू किंवा खाच नसते, केवळ स्टेपल मारलेले असतात. आतल्या बाजूने सुमारे ३ मिलिमीटरचा प्लाय गोंद आणि स्टेपल लावून बसवतात, मधल्या पोकळीत ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचतंतूंचा कापूस, भरतात आणि बाहेरून पातळ पत्रा चढवतात. या रचनेतून दुरुस्तीसाठी महत्त्वाच्या दोन गोष्टी निघतात.

पहिली अशी की भिंतीला तिरके होऊ न देणारी ताकद पट्ट्यांच्या सांध्यांत नसून आतल्या प्लायमध्ये असते. हा पातळ प्लाय म्हणजे केवळ सजावट आहे असे समजून तो एकदम उतरवला, तर चौकट समांतरभुज चौकोनासारखी कलंडते आणि मग दरवाजा आपल्या चौकटीत बसत नाही. दुसरी अशी की कारखान्यात कपाटे आणि बाकांचे सांगाडे पुष्कळदा पत्रा चढवण्यापूर्वीच बाहेरून स्क्रू मारून भिंतीला जोडलेले असतात. आत उभे राहून ते स्क्रू शोधत बसले तरी सापडत नाहीत, पण पत्रा काढला की समोरच दिसतात. भिंत बाहेरून उघडावी असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

पाण्याची वाट शोधणे

डाग असतो त्याच उंचीवर गळती असेल असे मानू नये. पाणी छताच्या कडेला शिरते, वाशावरून घरंगळत उभ्या पट्टीवर येते, तिथून खिडकीच्या वरच्या आडव्या पट्टीवर थांबते आणि शेवटी तळपट्टीत मुरते. त्यामुळे सर्वांत जास्त कुजलेली तळपट्टी असते, तर चूक दोन मीटर उंचीवरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकात असते. छत आणि भिंत जुळतात तिथली कोपरापट्टी, पावसाचे पाणी बाजूला नेणारी पन्हळपट्टी, खिडक्यांच्या वरच्या कडा, छतावरच्या झरोक्याची चौकट, कोपऱ्यांवरचे छोटे दिवे आणि बाहेर सावलीसाठी उघडणाऱ्या छत्रीचे कंस या जागा प्रथम पाहाव्यात. चाकांच्या कमानींजवळ रस्त्यावरचे पाणी खालून उडते, म्हणून तिथली तळपट्टी वरून कोणतीही गळती नसतानाही कुजलेली सापडते.

तपासासाठी नळी वापरायची असेल तर खालून वर जावे. आधी भिंतीचा खालचा भाग १० मिनिटे भिजवावा, आत कोणीतरी विजेरी घेऊन पाहावे, मग खिडकीच्या पातळीवर यावे आणि छत शेवटी भिजवावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. दाबाने पाणी मारू नये, कारण त्या जोराने पाणी अशा फटींतूनही आत घुसते ज्या पावसात कधीच गळणार नाहीत. याहून नेमकी पद्धत म्हणजे सर्व झरोके बंद करून एका खिडकीतून पंख्याने आत हवा भरणे आणि बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावणे. जिथे बुडबुडे येतात, तिथून हवा बाहेर येते आणि पाणीही तिथूनच आत जाऊ शकते.

लाकडातील ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र या कामात फार उपयोगी पडते. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास लागतो आणि २० टक्क्यांखालचे लाकूड कुजत नाही. आतल्या प्लायमधून बारीक सुया टोचत गेलात तर ओल कुठपर्यंत पसरली आहे याचा नकाशाच तयार होतो. सुया नसलेले, वरून ठेवून मोजणारे यंत्र पातळ भिंतीमागच्या पत्र्यामुळे चुकीचा आणि जास्तीचा आकडा दाखवू शकते, त्यावर विसंबू नये.

उघडण्यापूर्वीची तयारी

बाहेरून येणारा वीजपुरवठा तोडावा, बॅटरीची तार काढावी आणि गॅसची टाकी बंद करून बाहेर ठेवावी. गॅसची नळी भिंतीतून जात असेल आणि ती हलवावी लागणार असेल, तर ते काम आणि त्यानंतरची गळतीची तपासणी जाणकार माणसाकडूनच करून घ्यावी. फार जुन्या ट्रेलरमध्ये फरशीच्या चिकट थरात ॲस्बेस्टॉस आणि रंगात शिसे असण्याची शक्यता असते. असे थर तपासून घेतल्याशिवाय घासू किंवा कापू नयेत. बुरशी आणि ग्लासवूल यांच्यासाठी सूक्ष्म कण अडवणारा मास्क, चष्मा, लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे वापरावेत.

ट्रेलर सपाट, कठीण जमिनीवर उभा करून चाकांना अडसर लावावेत आणि चेसीखाली चारही बाजूंना स्टँड लावून पाणसळीने पातळी साधावी. ट्रेलर थोडा जरी पिळलेल्या अवस्थेत असताना नवी चौकट बसवली, तरी तो पीळ कायमचा बांधला जातो. नंतर दरवाजा आणि प्रत्येक खिडकीच्या मोकळ्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवरच लिहून ठेवावेत. हेच आकडे पुढे नवी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे सांगतात. छताला आतून टी-आकाराचे टेकू द्यावेत, पण ते छत उचलणार नाहीत, केवळ धरून ठेवतील इतकेच घट्ट असावेत.

छायाचित्रे काढण्यात कंजूषी करू नये. प्रत्येक पट्टी, प्रत्येक तार आणि प्रत्येक स्क्रूची जागा काढण्यापूर्वी टिपावी, आणि काढलेल्या भागावर चिकटपट्टी लावून कोणत्या भिंतीचा कितवा भाग ते लिहावे. एका वेळी एकच भिंत उघडावी. भिंत लांब असेल तर तिचेही दोन भाग करावेत.

पत्रा उतरवणे

कोपरापट्टीतल्या व्हिनाइलच्या झाकणपट्टीखाली स्क्रू असतात. ती पट्टी बाजूला ओढून काढावी. ती पुन्हा वापरू नये, कारण जुने व्हिनाइल आक्रसलेले असते आणि त्याच्या टोकांशी पाणी शिरते. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर त्याचे डोके ड्रिलने कापावे. पट्टी ओढून वाकवू नये, कारण वाकलेली कोपरापट्टी पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. मग खिडक्या, दिवे आणि झाकणे काढावीत. जुनी पुटी लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने सोडवली म्हणजे पत्र्यावर ओरखडे उठत नाहीत.

पत्र्याचे पट्टे एकमेकांत घडी अडकवून बसवलेले असतात. बहुतेक ट्रेलरमध्ये खालचा पट्टा आधी बसवून त्याच्या वरच्या कडेला स्टेपल मारतात आणि वरचा पट्टा त्यात अडकवतात, म्हणून काढताना वरून खाली यावे लागते. मात्र घडीची दिशा आधी नीट पाहावी आणि मगच ओढायला सुरुवात करावी. पट्टा दोन माणसांनी दोन टोकांना धरून सरळ उचलावा. एकट्याने उचलल्यास तो मध्ये मोडतो आणि ती घडी रंगाखालूनही दिसत राहते. काढलेले पट्टे सपाट जागी, क्रमाने रचून ठेवावेत.

काय काढायचे आणि काय ठेवायचे

पत्रा उतरल्यावर भिजलेले ग्लासवूल सरळ टाकून द्यावे. मग प्रत्येक पट्टी टोच्याने तपासावी. निरोगी लाकूड टोच्याला विरोध करते आणि लांब, तंतुमय सल देऊन तुटते. कुजलेले लाकूड भुसभुशीत लागते, त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि टोच्या न अडता आत जातो. केवळ काळपट झालेले पण कठीण असलेले लाकूड ठेवायला हरकत नाही. स्टेपलभोवतीचा काळा डाग पुष्कळदा लोखंडाच्या गंजाचा असतो, कुजण्याचा नसतो.

बुरशी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने डोळ्यांना दिसते त्याहून पुढे गेलेली असते. म्हणून दिसणारी कूज संपते त्यापुढे निदान ३० सेंटीमीटर, आणि जागा असल्यास ६० सेंटीमीटरपर्यंत लाकूड कापून काढावे. उभ्या पट्टीचा फक्त खालचा वीतभर भाग गेला असेल तरी ती पट्टी पूर्ण बदलणे मला श्रेयस्कर वाटते. लाकूड स्वस्तातले असते, पत्रा पुन्हा उघडण्याची मेहनत मात्र दुप्पट असते. लाकूड कडक करणारे पातळ इपॉक्सी एखाद्या स्क्रूच्या ढिल्या भोकापुरते ठीक आहे. भार पेलणाऱ्या पट्टीसाठी ते वापरू नये, कारण ते ओल्या लाकडात खोल मुरत नाही आणि वरचा थर कडक होऊन आतली ओल कोंडली जाते.

उरलेल्या लाकडावरची बुरशी साबणाच्या पाण्याने, कमीत कमी पाणी वापरून घासावी. ब्लीचमधील पाणी लाकडात मुरते आणि औषध पृष्ठभागावरच राहते, त्यामुळे लाकडासाठी ते टाळलेले बरे. लाकूड वाळल्यावर बोरेटचे द्रावण ब्रशने लावावे. ते बुरशी आणि कीड दोन्ही रोखते, पण पाण्यात विरघळून निघून जाते. गळती बंद झालेल्या भिंतीतच त्याचा उपयोग टिकतो.

वाळवण्याच्या टप्प्यावर घाई होते आणि सगळे काम तिथेच बिघडते. पंखे आणि जमल्यास हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र लावून ठेवावे आणि रोज त्याच ठिकाणी ओलावा मोजावा. सलग ३ दिवस आकडा १५ टक्क्यांच्या खाली आणि स्थिर राहिला की पुढे जावे. कधी यास एक आठवडा लागतो, कधी तीन लागतात. तोपर्यंत ट्रेलरवर ताडपत्री टाकावी, मात्र बाजूंनी हवा खेळती राहू द्यावी.

नवा सांगाडा

नव्या पट्ट्या भट्टीत वाळवलेल्या, सरळ आणि गाठी नसलेल्या मऊ लाकडाच्या घ्याव्यात. जाड आणि जड लाकूड घालून भिंत मजबूत करण्याचा मोह होतो, पण त्याने ट्रेलरचे वजन वाढते आणि पत्रा, खिडक्या व कोपरापट्ट्या जुन्या जाडीला बेतलेल्या असल्यामुळे बसतही नाहीत. मूळचीच जाडी ठेवावी आणि सुधारणा सांध्यांत करावी. तांबेयुक्त औषध मुरवलेले लाकूड ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागू देऊ नये. तांब्यामुळे ॲल्युमिनियम झिजते आणि काही वर्षांत पत्र्याला आतून बारीक भोके पडतात. टिकाऊ म्हणून विकत घेतलेले लाकूड अशा प्रकारे पत्र्याचे नुकसान करते.

जुनी पट्टी मोडकी असली तरी तिलाच साचा मानून नव्या पट्टीवर आकार उतरवावा. छताचा गोलवा असलेला भाग पूर्ण भुसा झाला असेल, तर समोरच्या भिंतीचा गोलवा पुठ्ठ्यावर काढून घेता येतो, कारण दोन्ही बाजू सहसा एकाच साच्यावर बेतलेल्या असतात. गोल भाग चांगल्या प्लायचे दोन-तीन थर चिकटवून कापावेत. सलग लाकडातून कापल्यास तंतू आडवे येतात आणि वळणावर तुकडा तुटतो.

चौकट उभी करण्यापूर्वी आतल्या बाजूने दोन तिरक्या पट्ट्या स्क्रूने तात्पुरत्या लावाव्यात म्हणजे कर्ण बदलत नाहीत. मग सुरुवात तळपट्टीपासून करावी, कारण उभ्या पट्ट्या तिच्यावर उभ्या राहतात. अनेक ट्रेलरमध्ये ही पट्टी जमिनीच्या प्लायच्या कडेवर बाहेरून बसलेली असते, त्यामुळे जमिनीची कडही टोच्याने तपासावी. कड कुजलेली असेल तर तिची दुरुस्ती आत्ताच करावी. कुजलेल्या लाकडात शिरलेला स्क्रू काहीच धरत नाही.

पूर्ण पट्टी बदलणे शक्य नसेल तेव्हा जुन्या-नव्याची जोड उतरत्या छेदाने करावी. छेदाची लांबी जाडीच्या ८ पट, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या पट्टीसाठी साधारण ३० सेंटीमीटर असावी. पाण्याला टिकणारा गोंद लावून क्लॅम्पने दाबून ठेवावे. इतका लांब छेद करायला जागा नसेल तर जुन्या पट्टीच्या बाजूला दुसरी पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडावी, आणि ती जोडाच्या दोन्ही बाजूंना बरीच पुढे जाऊ द्यावी. दोन पट्ट्या काटकोनात मिळतात तिथे अर्धी-अर्धी खाच काढून एकमेकांत बसवणे उत्तम. पट्टीच्या टोकाच्या तंतूंत मारलेला स्क्रू सहज सुटतो, म्हणून नुसते टोकाला स्क्रू मारून भागवू नये. हे सांधे मूळच्या स्टेपलपेक्षा पुष्कळ बळकट होतात आणि वजन मात्र वाढत नाही.

खिडकी, दिवे आणि छत्रीचे कंस जिथे बसणार तिथे पट्ट्यांच्या मधे आडवे ठोकळे बसवावेत. कारखान्यात पुष्कळदा हे कंस नुसत्या पत्र्यावर आणि प्लायवर स्क्रूने लटकवलेले असतात. ते हलून हलून भोक मोठे करतात आणि तिथून पाणी आत जाते. काम पूर्ण झाल्यावर आधी लिहिलेले कर्ण पुन्हा मोजावेत. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर स्क्रू ढिले करून चौकट सरळ करावी, कारण खिडकीची कडक चौकट ती तूट भरून काढत नाही.

पत्रा आणि सांधे

पत्रा चढवण्यापूर्वी तो अंधारात दिव्यासमोर धरून पाहावा. गंजलेल्या स्टेपलच्या जागी टाचणीएवढी भोके असतात, ती मागून ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा आणि सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावून बुजवावीत. टर्पेंटाइनने पुसून जुन्या पुटीचा अंशही ठेवू नये. मग उतरवण्याच्या उलट क्रमाने पट्टे चढवावेत.

खिडक्या, कोपरापट्ट्या आणि दिवे यांच्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावावी. ती कधीही पूर्ण कडक होत नाही आणि ट्रेलर चालताना होणारी हालचाल सहन करते. टेपला कुठेही खंड पडू देऊ नये, आणि जोड अपरिहार्य असेल तर तो खिडकीच्या खालच्या कडेला आणावा. स्क्रू गंज न चढणारे आणि जुन्या भोकात घट्ट बसतील असे किंचित जाड घ्यावेत आणि एका टोकापासून ओळीने न कसता आळीपाळीने समोरासमोर थोडे थोडे कसावेत. टेप कडेने बाहेर येऊ लागली की थांबावे, दुसऱ्या दिवशी ती ऊन लागून नरम झाल्यावर पुन्हा एकदा हलके कसावे आणि मग बाहेर आलेली टेप कापावी.

सिलिकॉन बाहेरच्या सांध्यांवर लावू नये, असे मी ठामपणे सांगतो. काही काळाने ते पत्र्यापासून सुटते, त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लावल्यावर दुसरे कोणतेही सीलंट तिथे नीट चिकटत नाही. कडांसाठी पॉलियुरेथेनचे किंवा त्याच जातीचे लवचिक सीलंट वापरावे. छतावर मात्र छताच्या आवरणाला चालेल असेच सीलंट घ्यावे, कारण रबरी छताला काही सीलंट बाधतात. खिडकीच्या चौकटीत खाली पाणी बाहेर जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती चुकूनही बुजवू नयेत. ती बुजल्यास चौकटीत साठलेले पाणी आत उलटते.

पाण्याची परीक्षा आणि आतली बाजू

आतला प्लाय अजून लावलेला नसतानाच नळीने पुन्हा परीक्षा घ्यावी. सांगाडा उघडा असल्यामुळे पाण्याचा एक थेंबही नेमका कुठून आला ते या वेळी दिसते. प्लाय लागल्यानंतर ही संधी राहत नाही. खालून वर जात प्रत्येक भागावर निदान १५ मिनिटे पाणी सोडावे. कोरडे कागद तळपट्टीवर पसरून ठेवले तर लहानशी ओलही उमटते.

उष्णतारोधक थरासाठी मला दाट फोमचे बोर्ड ग्लासवूलपेक्षा बरे वाटतात, कारण ते पाणी धरून ठेवत नाहीत. ते चौकटीत फट न ठेवता बसवावेत. फट राहिली तर आतली दमट हवा थंड पत्र्याच्या मागे पोहोचून तिथे दव साठते आणि कोणतीही गळती नसताना भिंत भिजू लागते. फवाऱ्याचा फोम भरू नये, कारण तो पत्र्याला आणि तारांना चिकटतो आणि पुढची दुरुस्ती जवळजवळ अशक्य करतो. थर्माकोलसारख्या बोर्डाला विजेच्या तारेचे पीव्हीसी आवरण सतत टेकून राहिले तर ते कालांतराने ठिसूळ होते, म्हणून तारा नळीतून न्याव्यात आणि लाकडातून जाताना स्क्रूच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.

नवा प्लाय दोन दिवस ट्रेलरमध्येच उभा करून ठेवावा म्हणजे तो तिथल्या हवेशी जुळतो. त्याच्या सर्व कडा आणि खिडक्यांची कापलेली तोंडे वार्निशने भरून घ्यावीत, कारण प्लाय पाणी कडेतूनच पितो. तिरक्या तात्पुरत्या पट्ट्या एकेक करून काढत, गोंद आणि बारीक खिळ्यांनी प्लाय थेट चौकटीला जोडावा. येथे गोंद कमी करू नये, कारण भिंतीची ताठ राहण्याची ताकद याच जोडणीतून येते.

गोंद वाळल्यावर टेकू काढावेत, दरवाजा उघडून-लावून पाहावा, गॅस आणि विजेची तपासणी पूर्ण करावी आणि मगच ट्रेलर थोड्या अंतरावर चालवून आणावा. परतल्यावर कोपरापट्ट्यांचे स्क्रू पुन्हा तपासावेत. उभा करून ठेवताना पुढचे किंवा मागचे टोक किंचित उंच ठेवावे म्हणजे छतावर पाणी साचत नाही. त्यानंतर पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, सुयांचे यंत्र त्याच जुन्या जागी टोचून आकडे आतल्या कपाटाच्या दारामागे लिहून ठेवावेत. आकडा २० टक्क्यांकडे सरकू लागला, तर डाग दिसण्याची वाट न पाहता त्याच्या वरच्या बाजूच्या कोपरापट्टीचे आणि खिडकीच्या वरच्या कडेचे सीलंट तपासावे.